कोणत्या हाकेला ओ द्यावी

बेटावर जायची हौस आमच्या हिची, बेत माझा आणि सल्ला खालच्या मजल्यावरच्या सर्वज्ञांचा. पुढे जे झालं त्यात तिघांचाही वाटा आहे. पण जिन्यात, किराणा दुकानात आणि मेहुणीच्या फोनवर सगळा दोष एकट्या माझ्या माथी मारला जातोय, म्हणून एकदा माझी बाजू सांगून मोकळा होतो.

सर्वज्ञ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाण्याच्या मोटारीपासून गुडघेदुखीपर्यंत कशावरही त्यांचं मत तयार असतं आणि ते विचारावं लागत नाही. मी माळ्यावरून बॅग काढत होतो तेव्हा शिडी धरायला ते हजर होते. "वाटाड्या घेऊ नका," ते म्हणाले. "वाटाडे भित्र्यांसाठी असतात. हॉटेलातही उतरू नका, घरगुती खोली घ्या. आणि काही झालं तरी टोकाचा खडक चुकवू नका. ओहोटी लागली की तिथल्या खळग्यांत असे मासे अडकतात, असे मासे, की वहिनी, तुम्ही परत यायचं नाव घेणार नाही."

"आणि भरती आली तर?" हिने विचारलं.

"भरती सांगून येते, वहिनी," सर्वज्ञ म्हणाले.

ते स्वतः बेटावर उतरलेच नव्हते. त्यांना बोट लागली होती आणि जेटीवर ओकून ते त्याच बोटीने परत आले होते. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी वीज खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसून निवृत्त झालो. लोकांना वाटतं खिडकीवर काय, कुणीही बसेल. पण त्याचं एक शास्त्र आहे. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. पहिली हाक सगळेच मारतात. ज्याची तक्रार खरी असते तो दुसऱ्यांदा मारतो, तिसऱ्यांदा मारतो. बाकीचे कंटाळून चहाला जातात आणि तेवढ्यात त्यांची वीज आलेली असते. दुसरं सूत्र हद्दीचं. तक्रार आपल्या हद्दीतली नसेल तर माणसाला पलीकडच्या खिडकीवर पाठवायचं. तिथे कुणी बसतं की नाही हे बघणं आपल्या हद्दीत येत नाही.

त्यामुळे बेटाच्या जेटीवर उतरल्या उतरल्या समोर खिडकी दिसली तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. खिडकीत एक बारीक मिशांचे कारकून होते. त्यांनी आमच्याकडे न बघता मागची पाटी वाचून दाखवली. प्राण्यांना खाऊ घालू नये. प्राण्यांना हात लावू नये. प्राण्यांशी बोलू नये.

"बोलू नये म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बोलू नये."

"पण समजा, हाड म्हणायची वेळ आली तर?"

"मनात म्हणा," कारकून म्हणाले.

मी तीस वर्षं खिडकीच्या आत काढलेला माणूस. असं उत्तर मी दिलंय, घेतलेलं नाही. मी नियमाचा उद्देश विचारला, कलम विचारलं, वरिष्ठ कोण ते विचारलं. मागे रांग खोळंबली होती. तेव्हा आमची ही पुढे आली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, तुम्ही मला सांगा. यांना काही कळत नाही."

रांग हसली. कारकूनही हसले. मग ते हिला अगदी गोडीने सांगू लागले की इथल्या मैना माणसाचं बोलणं उचलतात, पाहुणे निघून जातात आणि त्यांचं बोलणं इथे झाडांवर राहतं. जो बोलताना सापडेल त्याला वर्षभर बेटावर बंदी. हे मला नंतर कळलं; तेव्हा मी काहीच ऐकत नव्हतो. माझ्या कानात फक्त "यांना काही कळत नाही" घुमत होतं.

त्या क्षणी मी अबोला धरला. घोषणा वगैरे केली नाही. अबोल्याची घोषणा करायची तर बोलावं लागतं.

खोली जेटीच्या मागेच होती. पुढे ओटा, ओट्यावर एक वेताची खुर्ची, समोर वाळू आणि समुद्र, मागे पपईची झाडं. घरमालकीण मावशी जाडजूड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि हातात कायम झाडू. मी खुर्ची गाठली. ही हातपाय धुवायला न्हाणीघरात गेली.

"अहो," आतून हाक आली.

मी समुद्राकडे बघत बसलो.

"अहो. अहो, इकडे या जरा. अहो."

माणूस अख्ख्या रांगेसमोर अपमान करतो आणि तासाभरात त्याच माणसाची साबणाची वडी शोधून द्यायला आपण धावायचं, हे मला पटेना. हाका वाढत गेल्या. आधी साध्या होत्या, मग लांब झाल्या, मग इतक्या वरच्या पट्टीत गेल्या की मागच्या झाडांवरची पाखरं उडाली. शेवटी मावशी झाडू घेऊन आत धावल्या. बराच वेळ धपाधप आवाज झाला आणि मोरीच्या भोकातून एक हातभर घोरपड बाहेर पडून माझ्या खुर्चीखालून निघून गेली. मी पाय वर घेतले, पण शब्द काढला नाही. नियम तो नियम.

ही बाहेर आली ती ओल्या केसांनी, पांढरी पडलेली. "घसा बसला माझा हाका मारून," ती म्हणाली.

"मला काही कळत नाही ना," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. आता या तोंडातून पुन्हा 'अहो' निघालं तर सांगा."

मला वाटलं, सकाळपर्यंत निघेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिचं एकही वाक्य त्याशिवाय सुरू झालेलं नाही. हिने मला नावाने कधी हाक मारली नाही आणि दुसरं काही ठेवलेलंही नाही. "अहो" सोडलं तर मला बोलवायचं कसं, हा तिचा प्रश्न होता.

सकाळी मी आरशासमोर गालाला फेस लावून उभा होतो आणि मागच्या दारातून हाक आली, "अहो."

मी मनातल्या मनात हसलो. पहिली हाक सोडून दिली. दुसरी आली. आवाज तोच, शेवटी थोडा वर जाणारा. तिसऱ्या हाकेला मी तसाच फेसासकट गेलो. ही पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय गं?" मी म्हणालो, शक्य तितक्या मोठ्या मनाने.

तिने मान वर केली नाही. "मावशी," ती मोठ्याने म्हणाली, "यांना सांगा, मी बोलावलेलं नाही."

"त्यांनी बोलावलेलं नाही," मावशी ओसरीतून म्हणाल्या.

"मावशी, त्यांना सांगा, मी माझ्या कानांनी ऐकलं."

"ते म्हणतात कानांनी ऐकलं."

"मग कान धुवून घ्या म्हणावं."

हे मावशींनी सांगितलं नाही, पण मला ऐकू आलं होतं. मी परत आरशाकडे आलो. एक गाल झाला आणि पुन्हा, "अहो." मी गेलो. ती खोलीत नव्हतीच, पुढे ओट्यावर चहा पीत होती. तिसऱ्या वेळी मी इतक्या घाईने वळलो की पाय बादलीत गेला आणि बादलीसकट मागच्या अंगणात आलो. तिथे पपईच्या झाडावर एक काळीभोर मैना बसली होती. तिने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, छाती फुगवली आणि आमच्या हिच्या आवाजात, हिच्या सुरात, हिच्या त्या शेवटच्या हेलासकट म्हणाली, "अहो."

मावशी पोट धरून हसल्या. "साधं बोलणं नाही हो उचलत ती. कुणी जिवाच्या आकांताने ओरडलं तरच. मागच्या महिन्यात एक बाई टॉवेल विसरायच्या. चार दिवस झाड टॉवेल, टॉवेल करत होतं."

ही दारात उभी होती. क्षणभर तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, मी पाहिलं. मी तेव्हाच हसलो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण अर्धी दाढी, एक पाय बादलीत आणि समोर पाखरू मला नवऱ्यासारखं बोलावतंय, अशा वेळी माणूस हसू शकत नाही. मी म्हणालो, "मावशी, त्यांना सांगा, आजपासून मी कुठल्याच 'अहो'ला ओ देणार नाही."

दुपारी जेवणं झाल्यावर हिने टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली आणि मावशींना म्हणाली, "यांना सांगा, मी टोकाच्या खडकावर मासे बघायला चाललेय. यायचं असेल तर या."

मावशींनी निरोप दिला आणि स्वतःचं एक वाक्य जोडलं. "एकट्या नका पाठवू हो. खडकाभोवती पाणी मागून भरतं."

"मावशी, त्यांना सांगा, जपून," मी म्हणालो. तेवढ्यात ती वाळूत बरीच पुढे गेली होती. तिची टोपी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. उठावंसं वाटत होतं. पण उठलो असतो तर ते माफी मागितल्यासारखं दिसलं असतं, आणि माफी तर तिने मागायची होती. मावशी बाजारात गेल्या. ओट्यावर मी आणि समुद्र.

समुद्राचं मला काही विशेष वाटत नाही. तो एकच काम पुन्हा पुन्हा करतो, खात्यात अशी माणसं पुष्कळ पाहिली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोरची वाळूची पट्टी निम्मी झाली होती आणि ज्या होडीच्या सावलीत मघाशी कुत्रं झोपलं होतं ती होडी पाण्यावर डुलत होती. भरती आली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अहो."

"गप बस," मी मैनेला म्हणालो. नियम मोडला, पण आजूबाजूला कारकून नव्हते.

"अहो."

हाक मागच्या झाडावरून येतेय असं वाटलं. किंवा वळणाकडून. वारा तिकडूनच होता. मी खुर्चीत सरळ बसलो. ती येईलच एवढ्यात, टोपी दिसेल, मग मी डोळे मिटून घेईन, असं ठरवलं. वळणाकडे टोपी नव्हती.

"अहो. अहो."

"माहीत आहे तू कोण आहेस ते," मी म्हणालो. "सकाळी बादलीत पाय घातलास माझा. आता पुन्हा तोंड उघडलंस तर..."

वाक्य पूर्ण झालं नाही, कारण मैना उडत आली आणि माझ्या समोर कठड्यावर बसली. तिच्या चोचीत पपईचा हा एवढा मोठा तुकडा होता. तो धड गिळता येईना, धड टाकवेना. चोच आ वासलेली, गळा फुगलेला. आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

आणि हाक आली, "अहो."

मैना समोर होती. तिचं तोंड भरलेलं होतं.

मग मी किती हाका खुर्चीत बसून ऐकल्या, ते आठवू लागलो. ते आठवत आठवतच मी धावत होतो. चप्पल ओट्यावर राहिली. वाळू तापलेली होती आणि वाळूतून लाल खेकडे चहूबाजूंनी पळत होते. एरवी मी खेकड्याच्या वाटेला जात नाही. त्या दिवशी किती तुडवले असतील, देव जाणे.

वळणाच्या अलीकडे बांबूच्या मचाणावर समुद्ररक्षकाची चौकी होती. वर झेंडा, खाली एक दणकट गडी, गळ्यात शिट्टी, मांडीवर तरंगतं चाक. मला हायसं वाटलं. "माझी बायको," मी धापा टाकत म्हणालो, "टोकाच्या खडकावर. पाणी भरलंय. चला."

शिट्टीवाल्याने डोळ्यांवर हात धरून तिकडे बघितलं. "तो खडक आमच्या हद्दीत येत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"आमची हद्द त्या निळ्या खांबापर्यंत. खडक पलीकडच्या चौकीकडे."

"पलीकडची चौकी कुठे आहे?"

"ती मंजूर व्हायचीय," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, हेच फार वाईट होतं. अगदी समजुतीचा आवाज होता. तो आवाज मी ओळखला, कारण तो माझा होता. मी हेच वाक्य याच सुरात किती जणांना ऐकवलं असेल. बाळंतिणीच्या खोलीत अंधार आहे म्हणून आलेल्यांनाही ऐकवलं. ती माणसं माझ्याकडे कशी बघायची ते तेव्हा मला कळलं, कारण मी तसाच बघत होतो.

"भाऊ," मी म्हणालो, "ती माझी बायको आहे."

"अहो काका, मलाही कळतंय. पण झेंडा वर असेपर्यंत मला खांबापुढे जाता येत नाही. नोकरी जाते."

वळणाकडून हाक आली. ती आता "अहो" राहिली नव्हती. नुसता "ओऽ" होता, मधेच तुटलेला. मी चाकावर झडप घातली, ते त्याने दिलं नाही, सरकारी होतं. मी तसाच पुढे पळालो.

वळण ओलांडलं आणि मला ती दिसली. खडक कमरेपर्यंत पाण्यात बुडालेला. वर, एखाद्या खाटेएवढ्या जागेत आमची ही उकिडवी बसलेली, टोपी गेलेली, एका हातात उगारलेली चप्पल. तिच्यासमोर त्याच खाटेच्या दुसऱ्या टोकाला भली मोठी घोरपड. जिच्यापुढे न्हाणीघरातली पिल्लू वाटावी अशी. तीही भरतीत अडकली होती. लाट आली की दोघी एक एक वीत मधे सरकत होत्या. खडकावर जागा उरत नव्हती, आणि खडक आणि माझ्यामध्ये फेसाळ पाणी होतं.

मला पोहता येत नाही. हिलाही नाही.

यापुढचं मी परत आल्यावर लोकांना असं सांगितलं की मी परिस्थितीचा अंदाज घेतला, पाण्याची खोली बघितली आणि शांतपणे आत उतरलो. तुम्हीही सध्या तेवढंच धरून चाला. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं. खाली कालवं होती, पाय सोलून निघत होते. पाणी छातीला आलं. ती माझ्याकडे बघून हात हलवत होती, या म्हणून की जा म्हणून ते कळेना. लाटांचा एवढा आवाज होता की तिचा शब्द मला ऐकू येत नव्हता आणि माझा तिला नाही. मग एक लाट आली, माझे पाय सुटले आणि आभाळ खाली गेलं.

मला कुणीतरी बखोटीला धरून वर ओढलं. शिट्टीवाला होता. अंगात नुसता बनियन, गळ्यात शिट्टी नाही, हातात चाक. "झेंडा उतरवला," तो म्हणाला. "आता मला हद्द नाही." त्याने मला चाकात कोंबलं आणि किनाऱ्यावर नेऊन टाकलं. म्हणजे वाचवायला मी गेलो आणि आधी वाचवलं मला गेलं. मग तो हिला घेऊन आला. घोरपड आमच्या नाकासमोरून, मान वर काढून, आपली आपण पोहत आली आणि झाडीत निघून गेली.

"पोहता येत नाही तर आत कशाला शिरता, काका?" शिट्टीवाला म्हणाला. "काही कळत नाही का?"

या वेळी मला राग आला नाही. किनाऱ्यावरच्या झाडात पाखरं ओरडत होती. मी वाळूत पालथा पडून पाणी ओकत होतो आणि ही माझ्या पाठीवर थापट्या मारत होती.

संध्याकाळी मावशींनी माझ्या पायांना हळद लावली. ही समोर बसली होती, अंगाभोवती चादर लपेटून.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हाका ऐकू आल्या नव्हत्या का?"

खोटं बोलायची संधी होती. पण मी इतका दमलो होतो की खरं निघून गेलं. "आल्या होत्या. मला वाटलं, मैना."

"म्हणजे मी तिथे बुडत होते आणि तुम्ही खुर्चीत बसला होतात."

"कळल्यावर लगेच निघालो ना. शांत डोक्याने. घाबरून काही उपयोग नसतो अशा वेळी."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्ही कशाला घाबराल." मग चादर आवळत म्हणाली, "सगळं आयुष्य हाक मारतेय. पाखराची हाक आणि माझी, फरक नाही कळला तुम्हाला."

खिडकीवरच्या कुठल्याच सूत्रात याचं उत्तर नव्हतं.

त्यानंतर आमचा अबोला संपला आणि त्याहून वाईट काहीतरी सुरू झालं. ती माझ्याशी व्यवस्थित बोलत होती. "चहा घेणार?" "पट्टी बदलायची का?" "बोट परवा आहे म्हणतात." सगळी वाक्यं नीट, सगळी पुरी, आणि एकाच्याही आधी तो शब्द नाही. जवळ येऊन, खांद्याला हात लावून, मी वळलो की मगच बोलायची. हाक मारायचीच नाही. मी मुद्दाम लांब जाऊन बसायचो, मागच्या अंगणात, जेटीवर. ती चालत यायची आणि खांद्याला हात लावायची. त्या दोन दिवसांत मैनाही गप्प होती. मी झाडाखाली उभा राहून तिच्याकडे बघायचो. कुणाच्या का तोंडून होईना, एकदा ऐकायला मिळावं असं वाटायचं. पण ती नुसती छाती फुगवायची आणि घशात काहीतरी घोळवत बसायची.

निघायच्या दिवशी जेटीवर पुन्हा तीच रांग, तीच खिडकी, तेच कारकून. बोट लागलेली होती. आमचा नंबर आला आणि खिडकीवरच्या झाडातून एक आवाज आला.

"अगं आलो. आलो गं. जाऊ नकोस. अगं मी आलो."

पुरुषाचा आवाज होता. फाटलेला, रडवेला, मधे पाणी गेल्यासारखा गुदमरलेला. रांगेने माना वर केल्या. मैना फांदीवर बसली होती. तिने छाती फुगवली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून म्हटलं. शेवटी एक हुंदका होता, तोही तिने सोडला नाही.

माझे कान तापले. मी बोटीकडे बघू लागलो.

"हे नवीन आहे," कारकून उठून उभे राहिले. "कुणीतरी प्राण्यांसमोर आरडाओरडा केलेला आहे. कुणाचा आवाज हा?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. "मग सगळ्या पुरुषांनी एकेक करून म्हणून दाखवायचं. अगं, आलो. त्याशिवाय बोट सुटणार नाही. तुमच्यापासून सुरुवात."

मी घसा खाकरला. आयुष्यभर खिडकीमागे जो आवाज वापरला तो काढला आणि म्हणालो, "अगं, आलो."

कारकुनांनी मैनेकडे कान दिला, माझ्याकडे दिला. "नाही जुळत," ते म्हणाले. "हे तुम्ही नव्हे. हा कुणीतरी पार घाबरलेला माणूस आहे. जा पुढे."

मी सुटलो होतो. बॅग उचलली. फळीवर पाय ठेवला. ही हलली नव्हती. ती झाडाकडे बघत उभी होती आणि मैना तिसऱ्यांदा म्हणत होती, जाऊ नकोस, अगं मी आलो. हिने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. लाटांच्या आवाजात जे तिला ऐकू आलं नव्हतं ते ती आता ऐकत होती, शेवटच्या हुंदक्यापर्यंत.

मग ती खिडकीकडे वळली. "साहेब," ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जुळतोय. हा आमच्या यांचाच आवाज आहे."

रांग हसली. कारकून हसले नाहीत, त्यांनी शिक्का उचलला. मला वर्षभर बेटावर बंदी झाली. इतकी सोयीची शिक्षा आमच्या खात्याने कधी कुणाला केली नसेल.

बोट सुटली. मी कठड्याला टेकून उभा होतो, पायांना पट्ट्या, मान खाली. ही मागे कुठेतरी बाकावर बसली होती. बेट मागे जात होतं, झाडं मागे जात होती. आणि ऐकू आलं,

"अहो."

बेटावरून आलं की बाकावरून, मी वळून बघितलं नाही. पहिलीच हाक होती. मी ओ दिली.